पूजेतले घोडे

आयुधपूजा जवळ आली की आमच्या वेलंपट्टीत माणसापेक्षा लॉरीचं नशीब बरं वाटायला लागतं. वर्षभर धुळीत लोळलेल्या गाड्या त्या आठवड्यात न्हाऊनमाखून उभ्या राहतात. कुणाला रंग हवा, कुणाला नवे आरसे, कुणाला कपाळावर देवाचं नाव. ज्या गाडीचे ब्रेक उन्हाळ्यापासून किंचाळताहेत, तिच्या मालकालाही नेमकी तेव्हाच जाग येते. पूजेला गाडी धडधाकट पाहिजे. तिच्या पोटाखाली लोळणारा माणूस धड आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. त्याला पूजेच्या दिवशी मुरमुऱ्यांची पुडी मिळते, तेवढ्यावर त्याने खूश राहायचं.

सेलमहून नामक्कलकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला चिंचेखाली कुप्पण्णनचं गॅरेज आहे. वर पत्रा, खाली ऑइल पिऊन काळी झालेली माती. नल्लमुत्तूने आपली सगळी जवानी त्या मातीत लोळून काढली. एका दुपारी जॅक सटकला, खाली लावलेले दगड फुटले आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. कुप्पण्णन दवाखान्यात येऊन म्हणाला, "काळजी करू नको, तुझ्या पोराला घेतो." बापाचा पाय गेला त्याच जागी थोरला लेक मारप्पन कामाला लागला. आमच्याकडे ह्याला उपकार म्हणतात.

पावायी त्याच साली मारप्पनची बायको होऊन घरात आली. दाराआड टेकवलेली कुबडी तिने पहिल्या दिवशीच पाहिली. पुढे तीही गॅरेजात जाऊ लागली. डिझेलच्या लोखंडी पाटीपुढे बसून गाडीचे सुटे भाग धुवायचे, हे तिचं काम. बोटांच्या भेगा बुजायच्या नाहीत आणि भाताच्या घासालाही डिझेलचा वास यायचा. पण तिथे बसलं की नवरा डोळ्यांसमोर राहायचा. तो डोळ्यांसमोर होता म्हणूनच एक दिवस तिला दिसलं की दहा टनांची गाडी एका जॅकवर आणि चार दगडांवर उभी आहे, आणि तिच्याखालून मारप्पनचे दोन तळवे तेवढे बाहेर दिसताहेत.

रात्री तिने सासऱ्याला विचारलं, "मामा, तुमच्या येळी गाडीखाली काय लावलं हुतं?"

"दगड."

"मग आता काय बदललं?"

"दगड बदलले," म्हातारा म्हणाला. "ते फुटले हुते ना."

तिने कुप्पण्णनला विचारून पाहिलं. मोठ्या कंपनीच्या कारखान्यात लोखंडी घोडे असतात, जाड नळीचे, खाली चार पाय फाकवलेले. गाडी त्यांच्या डोक्यावर ठेवतात आणि मगच माणूस आत शिरतो. नल्लमुत्तूने ते एकदा पाहिले होते. कुप्पण्णन हसून म्हणाला, "इथं काय कंपनी हाय व्हय गं?"

पावायीकडे एक शेळी होती. काळी, कान पांढरे, माहेराहून बरोबर आलेली, दुभती. ती तिने दोरी धरून फाट्यावरच्या वेल्डरकडे नेली. वेल्डरने भंगारातल्या ॲक्सलची नळी कापली, पाय जोडले आणि दोन घोडे उभे करून दिले. रविवारी त्याच्या घरी मटण झालं. बैलगाडीत घालून घोडे गॅरेजात आणले तेव्हा कुप्पण्णनने त्यांना जागा करून दिली. फुकट आलेल्या वस्तूला तो कधीच नाही म्हणत नसे.

तेव्हापासून मारप्पनची एक रीत ठरली. जॅक मारून गाडी वर घ्यायची, घोडा आत सरकवायचा, जॅक थोडा सोडून वजन घोड्याच्या डोक्यावर आणायचं, आणि मग हातोडीच्या दांड्याने घोड्याच्या पायावर एक ठोका द्यायचा. आवाज भरीव आला तर आत, पोकळ आला तर पुन्हा सुरुवात. पावायी पाठ करून भाग धूत असायची, पण कान तिकडेच. ठोका ऐकू येईपर्यंत तिचे हात डिझेलमध्ये थांबलेले असत.

कुप्पण्णनला ही रीत खुपायची. त्या वर्षी पूजेच्या आठवड्यात गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या, आणि हा आपला प्रत्येक गाडीला घोडा लावत बसलेला.

"काय रे मारप्पा," चहा पिणाऱ्या चार ड्रायव्हरांसमोर तो ओरडला, "घोड्याबिगर वरात निघत न्हाई वाटतं तुझी?"

ड्रायव्हर खिदळले. एक म्हणाला, "बायकोनं आंदण दिलेला घोडा हाय, बसाया नगं?"

मारप्पनने कपाळावरचं ऑइल कोपराने पुसलं. तोही हसत होता. "मालक, घोडा नसंल तर नवरा पायी येतो म्हणं. आन् आमच्या घरात एक पाय आदीच कमी हाय."

ड्रायव्हरांचं हसू थांबलं. कुप्पण्णनने ग्लासातला उरलेला चहा मातीत फेकला आणि आत गेला. दुपारी आंबील पिताना पावायी नवऱ्याला म्हणाली, "कशाला उलटून बोलता? आदीच त्यास्नी माझे घोडे सलत्यात."

"सलू दे," त्याने कांद्यावर मूठ मारली. "सलंल म्हणून काय पाय देऊ व्हय अजून एक?" आणि तिच्या भेगाळलेल्या बोटांकडे बघून म्हणाला, "सणाला खोबरेल आणतो. तेवढं लाव."

पूजेच्या दिवशी सकाळी गॅरेज धुऊन काढलं. विहिरीवरून घागरींमागून घागरी आल्या. पत्र्याखालची, वर्षभर पाणी न पाहिलेली ती माती पाणी पीत गेली आणि पायाला मऊ लागायला लागली. वर रांगोळी आली, खांबांना केळीचे खुंट आले. हातोड्या, पाने, जॅक, साखळी, सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली. पावायीने आपले घोडे चिंच आणि राख लावून घासले. त्यांना चंदन फासलं, कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचे हार घातले. कुबडी टेकत आलेला नल्लमुत्तू त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

"शिवेवर अय्यनारचे मातीचे घोडे हायत," तो म्हणाला. "देव त्यांच्यावर बसून गाव राखतो. हे आपले लोखंडाचे. हे माझ्या पोराला राखत्यात." आणि त्याने एका पायावर तोल सावरत हात जोडले.

कुप्पण्णनने आरती केली, नारळ फोडला. कापूर पेटवलेला कोहळा रस्त्यावर आपटला, त्याच्या फोडी चाकांखाली गेल्या. एकदा आरती झाली की हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तोवर ते निजलेलं असतं, निजलेल्या हत्याराला उठवलं की ते मालकावर उलटतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ऐकवतात. सकाळी उठवायचं, डोळ्यांना लावायचं, मग कामाला. आम्ही सगळे मुरमुरे, डाळं, गूळ खात बसलो होतो. मारप्पन नव्या पांढऱ्या वेष्टीत, आमच्याकडच्या धोतरात, होता. वर्षातून एकदाच त्याच्या अंगावर पांढरं दिसायचं, आणि पावायी त्याच्याकडे चोरून बघत होती.

तेवढ्यात ती गाडी आली. अंड्यांनी भरलेली लॉरी, केरळला निघालेली. मागचा भाग एका बाजूला कलला होता आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्या एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला होता. ज्या पेढीची ती गाडी, तिच्या सगळ्या लॉऱ्या कुप्पण्णनकडेच दुरुस्तीला यायच्या. ड्रायव्हर चेल्लदुरै उतरला तो हात जोडूनच.

"अण्णे, उन्हात माल उभा ऱ्हाईला तर वाट लागंल. एवढा बोल्ट घालून द्या."

कुप्पण्णनने मारप्पनकडे पाहिलं. मारप्पनने पूजेच्या पाटाकडे पाहिलं.

"मालक, हत्यारं निजल्यात. उद्या सकाळी पयल्यांदा हीच गाडी घेतो."

"आपली हत्यारं निजल्यात," कुप्पण्णन म्हणाला. "गाडीची कुठं निजल्यात? चेल्लदुरै, तुझा जॅक काढ. पाना काढ. त्यांची पूजा तुझा मालक करंल, न्हाईतर न करंल. बोल्टबी हाय त्याच्याकडं. आपल्या हत्याराला बोट लावायचं न्हाई, देवाचंबी ऱ्हाईलं आन् गिऱ्हाइकाचंबी."

ह्याला आमच्या भागात अक्कल म्हणतात. दोघातिघांनी माना डोलावल्या.

"करतो," मारप्पन म्हणाला. "पण गाडी भरलेली हाय, चाक काढाय लागंल. मला घोडा लागंल."

आता सगळे घोड्यांकडे बघायला लागले. चंदन अजून ओलं होतं. कापराची वडी पुढे जळत होती.

"पूजेतला घोडा?" कुप्पण्णन म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. तो वळला ते सरळ पावायीकडे. "पावायी, तूच सांग. तुझ्या हातानं तू हार घातलास. तुझ्या सासऱ्यानं हात जोडले. उचलू का तुझे देव? मोडू का पूजा?"

पावायी मुरमुऱ्यांचं सूप घेऊन उभी होती. गॅरेजात तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं ते भरल्या पंगतीत, आणि असं की व्हय म्हटलं तरी पाप, न्हाई म्हटलं तरी पाप.

"मालक," ती म्हणाली, "ते म्हणत्यात तसं उद्या सकाळी करू द्या की."

"ऐकलंस?" कुप्पण्णनने हात पसरले. "घोडे उचलायला तिचं मन न्हाई. बाईमाणसाचं देवाधर्माचं असतं, आपण त्यात पडू ने. पाच मिनटांचं काम हाय मारप्पा. का बायकोची परवानगी पायजे खाली शिरायलाबी?"

आंदणाच्या घोड्यावरून चेष्टा करणारा ड्रायव्हर त्या दिवशीही होता. तो नाकातून हसला.

मी तसं म्हणाले न्हाई, असं पावायीच्या ओठांवर आलं होतं. पण मारप्पनने वेष्टी वर खोचली होती. कानापर्यंत लाल झाला होता तो. चारचौघांत बायकोचं नाव निघालं की आमचे पुरुष विहिरीतही उडी टाकतात, आणि कुप्पण्णनला हे पक्कं ठाऊक होतं.

मारप्पनने लॉरीचा जॅक लावला, खाली एक फळी टाकली. चाक काढलं. नवीन वेष्टी खराब होऊ नये म्हणून पोत्यावर आडवा झाला आणि आत सरकला. ठोका काही झाला नाही, कशावर द्यायचा होता? पावायीने सूप खाली ठेवलं आणि काढलेलं चाक ढकलायला धावली. ते आडवं पाडून गाडीखाली सारलं तर नुसत्या जॅकपेक्षा बरं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. चाक तिच्या छातीएवढं. ते एकटीने हलेना.

"तंबी, भावा, हात लाव रे," ती चेल्लदुरैला म्हणाली.

त्याने हात लावलासुद्धा. पण सकाळपासून घागरी प्यालेली माती फळीखाली दबत होती. फळी एका कडेने रुतली, जॅक वाकडा झाला, आणि गाडी बसली. मोठा आवाज आला नाही. वरची अंडी मात्र सगळी एकदम फुटली, आणि पिवळा बलक फळ्यांच्या फटींतून गळायला लागला.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो. गाडी उचलायला जॅक पाहिजे होता आणि सगळे जॅक पाटावर होते. कुप्पण्णन स्वतः धावला. त्याने हार तोडले, नारळ लाथेने उडवला, जॅक उचलला. दोघांनी पावायीचे घोडे उचलले, चंदनाने हात घसरत होते तरी उचलले आणि गाडीखाली सारले. निजलेल्या हत्याराचं नाव तेव्हा कुणी काढलं नाही. देव कुणावर उलटला नाही की काही झालं नाही. एवढे सोपे होते ते घोडे उचलायला.

मारप्पनला पांढऱ्या वेष्टीसकट बाहेर काढलं. छाती बसली होती. सेलमच्या दवाखान्यात तो एक रात्र होता. मधेच डोळे उघडून त्याने पावायीला विचारलं, "तेल आणायचं ऱ्हाईलं ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा गावभर हत्यारं उठवतात, डोळ्यांना लावतात, तेव्हा तो गेला.

पोलीस आले. कुप्पण्णनने त्यांना चिंचेखाली बसवलं, नारळपाणी दिलं. "साहेब, मी म्हणालो घोडे घे. त्याची बायको आडवी आली. लई देवभोळी बाई. मी काय करू? बाईच्या श्रद्धेला हात घालू?" नाकातून हसलेला तो ड्रायव्हर म्हणाला, व्हय, इचारलं हुतं तिला, आमच्यासमोर. चेल्लदुरै पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तोही व्हय म्हणाला. आणि खोटं कुणी बोललं असंही नाही. विचारलं होतंच तिला.

गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. नळावर बायका पावायीसाठी जागा करायच्या आणि ती घागर भरून वळली की कुजबुजायच्या. देवासाठी नवरा घालवला. तिला ते ऐकू यायचं, तिने मान खाली घालून ते ऐकलं. पण एका सकाळी उंबऱ्यावर बसलेल्या नल्लमुत्तूने कुबडीचा रबर कुरतडत विचारलं, "पोरी, तू खरंच नगं म्हणालीस का गं?"

पावायीच्या हातातली आंबिलीची वाटी तशीच राहिली.

"तुमी तिथंच हुतात मामा."

"हुतो. पण मला नीट ऐकू येत न्हाई आताशा."

"मी म्हणाले, उद्या सकाळी करू द्या."

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात घेतला आणि म्हणाला, "व्हय. असंच म्हणालीस. मलाबी असंच ऐकू आलं हुतं. समदे म्हणाया लागले म्हणून माझेबी कान फिरले." त्याने वाटी तिच्या हातातून घेतली आणि तिलाच पुढे केली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि आंबील आंबून जाईपर्यंत रडली.

मारप्पनचा धाकटा भाऊ चिन्नान लॉरीवर क्लीनर होता. महिन्यातून एकदा घरी पाठ टेकायचा. भावाच्या दिवसांना आला तो परत गेला नाही. तेरावा झाल्यावर कुप्पण्णन घरी आला, सुपारी ठेवली. "घर उघडं पडलं तुमचं. चिन्नानला पाठवा. पावायीलाबी येऊ दे, पण माघल्या दारानं. सकाळच्या पारी गिऱ्हाइकाला आडवी येऊ ने, एवढंच."

"जाऊ नगंस," पावायी दिराला म्हणाली.

"अण्णी, दुसरं काय येतं मला?" भावजयीला तो अण्णी म्हणायचा. "लॉरीवर गेलो तर घरात हे एक म्हातारं आन् तू. हितं निदान रातच्याला घरी तरी येईन."

"घोडे लाव मग. ठोका दिल्याबिगर आत शिरायचं न्हाई."

"लावतो की."

दोघं कामाला गेली. पावायी मागच्या भिंतीला, कुणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी, डिझेलची पाटी घेऊन बसली. तिथून पुढचं काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. सकाळपासून तिने कान लावले होते. जॅकच्या दांड्याची कुरकुर आली, पान्याची खडखड आली. ठोका आला नाही. दुपारी चिन्नान आंबील प्यायला मागे आला.

"घोडे कुठं हायत?"

त्याने नजर चुकवली. "मालकानं बांधून घेतलंय त्यांना."

"म्हंजे?"

"ओटा बांधलाय. चिंचेखाली. हार घातल्यात, दिवा लावत्यात. मालक म्हणाला, त्यांना रगत लागलंय, ते जागृत झाल्यात. आता ते गाडीखाली घालायचे न्हाईत. येणारेजाणारे ड्रायव्हर लिंबू ठेवत्यात. पाया पडून मग गाडी आत घेत्यात."

"आन् तू कशावर?"

"दगड हायत."

पावायीने हातातलं बेअरिंग पाटीत ठेवलं. त्याच्याकडे पाठ करून बसली. चिन्नानला वाटलं, ती रडत असेल म्हणून तो लवकर उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दाराने गेली नाही. रस्त्यावरून, पुढून, सरळ आत आली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि मागे कुबडी टेकत नल्लमुत्तू. गॅरेजात एक भरलेली गाडी जॅकवर होती, खाली दगड. चिन्नानने अंगाखाली पोतं टाकलं होतं. चिंचेखालच्या ओट्यापुढे दोन ड्रायव्हर हात जोडून उभे होते. विधवा बाई अशी समोरून येताना बघून ते चटकन बाजूला झाले.

पावायी ओट्यावर चढली. एका घोड्याच्या गळ्यातला हार काढून तिने चिंचेच्या बुंध्याशी ठेवला, पायदळी टाकला नाही. लिंबं बाजूला केली. पदराने कुंकू पुसलं. ते वाळून चिकटलं होतं, तर तिने थुंकी लावली आणि नखाने खरवडलं. मग घोडा आडवा केला आणि ओढायला लागली.

"ए, ए!" कुप्पण्णन आतून धावत आला. "डोकं फिरलं का? सोड! तुझा हात लागाय पायजे का देवाला? विधवा बाई तू—"

"देव न्हाई ह्यो," पावायी म्हणाली. तिला दम लागला होता, ती ओढायची थांबली नाही. "माझी शेळी हाय ही."

ड्रायव्हरांपैकी एकाला हसू आलं आणि ते त्याने गिळलं. घोड्याचे पाय मातीत रेघा काढत गेले.

"चिन्नान, बाहेर हो. जॅक मार अजून. वर घे."

चिन्नानने मालकाकडे पाहिलं, मग भावजयीकडे. तो जॅकवर वाकला. घोडा आत गेला. दुसराही तिने तसाच आणला, ह्यावेळी नल्लमुत्तूने कुबडीने मागून रेटला. गाडीचं वजन घोड्यांच्या डोक्यावर बसलं. हातोडी शोधायला कुणी गेलं नाही. म्हातारा खांबाला टेकला, कुबडी उलटी धरली आणि तिच्या लाकडी डोक्याने घोड्याच्या पायावर ठोका दिला. तिघांनी कान दिला. आवाज भरीव होता.

"उद्यापासून हितं पाऊल टाकायचं न्हाई," कुप्पण्णन म्हणाला. "दोघांनीबी. तिघांनीबी. ऐकलं का?"

"उद्याचं उद्या बघू मालक," पावायी म्हणाली. "आज ह्यो एवढा खालून वर येऊ दे."

चिन्नान आत सरकला. ती तिथेच मातीत बसली, एक हात घोड्याच्या पायावर ठेवून. ऊन चढलं, ड्रायव्हर निघून गेले, कुप्पण्णन आतबाहेर करून दमला. तिने हात काढला नाही. खालून पान्याचा आवाज येत होता तोवर ती हलली नाही.